तिसरं चाक कुणाचं?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी माझ्या कानातल्याची फिरकी पडली, म्हणून पार्किंगमध्ये गाडीखाली वाकले. फिरकी सापडली नाही. हाताला लागला एक बोल्ट. चांगला अंगठ्याएवढा जाड, एका बाजूनं गंजलेला आणि दुसऱ्या बाजूनं नुकताच घासल्यासारखा चकचकीत. ‘कुणाचा तरी पडला असेल’ म्हणून तो भिंतीच्या कठड्यावर ठेवून मी वर जाणार होते. तेवढ्यात आठवलं, आदल्या दिवशी जेवताना काका म्हणाले होते, “गाडी आज जरा डावीकडे ओढत होती.” आणि आम्ही सगळ्यांनी ते भातावर वरण वाढून घेता घेता ऐकून सोडून दिलं होतं.

आमची ‘गाडी’ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजोबांनी १९९१ मध्ये घेतलेली बजाज चेतक. टू-स्ट्रोक, हँडलवर गिअर. नंबर एमएच-०४, कारण तेव्हा आमचं विरार ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. आणि या चेतकच्या डाव्या बाजूला एक साईडकार. होय, तीच, ‘शोले’वाली. मनवेलपाड्यात कुणालाही ‘ती साईडकारवाल्यांची बिल्डिंग’ विचारा, आमच्या दारात आणून सोडतील.

तुम्ही ‘शोले’ पाहिला असेलच. १९७५ चा सिनेमा, पण मीम्समुळे आपल्या पिढीलाही पाठ आहे. त्यातल्या दोस्तीच्या गाण्यात साईडकार मोटारसायकलपासून सुटते, वेगळ्या रस्त्यानं जाते आणि पुन्हा येऊन जुळते. लहानपणी मला तो सीन फार आवडायचा. त्या रविवारी बोल्ट हातात धरून उभी असताना मात्र पोटात गोळा आला. कारण आदल्या दिवशी त्या साईडकारमध्ये माझी आजी बसली होती. पेन्शनसाठी बँकेत गेली होती, स्टेशनपर्यंत, शनिवारच्या गर्दीतून. आमची साईडकार सुटली असती तर ती फिरून परत जुळायला आली नसती.

आजीचे दोन्ही गुडघे गेलेत. स्कूटरवर मागे बसणं सोडाच, रिक्षाची पायरी चढतानासुद्धा ती दोनदा थांबते. साईडकारमध्ये मात्र ती बूड टेकून, पाय आत घेऊन, पदर सावरून आरामात बसते. त्यामुळे ही गाडी आमच्यासाठी विंटेजबिंटेज काही नाही. आजीचं घराबाहेर पडणं त्या गाडीवर अवलंबून आहे.

बोल्ट घेऊन मी गल्लीच्या टोकाला मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि बाहेर ठेवलेली पालथी बादली. बादली पाहुण्यांसाठी. काका खाली आले, गाडी ढकलत नेली. मिस्त्रींनी साईडकार दोन्ही हातांनी धरून हलवली आणि विचारलं, “शेवटची कधी बघितली होती?”

“मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग झाली ना,” काका म्हणाले. दुसरीकडे झाली होती, स्टेशनजवळ एका गॅरेजमध्ये. बिलही होतं.

“स्कूटरची झाली. हिची कुणी केली?”

कुणीच नाही. प्लग साफ झाला, ऑइल बदललं, क्लच वायर नवी टाकली, गाडी धुऊन मिळाली. साईडकार धुतली गेली, एवढंच. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा म्हणावा तर आम्ही तरी कुठे काही सांगितलं होतं? स्कूटरवाला म्हणतो, साईडकार माझं काम नाही. साईडकार बनवणारे आता शोधून सापडत नाहीत. आजोबा होते तोपर्यंत दर रविवारी सकाळी चटई टाकून गाडीखाली झोपायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा छंद आहे. ते गेल्यापासून चटई माळ्यावर आहे.

मिस्त्रींनी मग पायाखालची रबरी मॅट उचलली. मी आजवर ती कधी उचललेली पाहिली नव्हती. खाली गंज, आणि साईडकारची पट्टी जिथे बसते त्या भोकापासून निघालेली एक भेग. माझ्या करंगळीएवढी लांब.

यातलं एक कारण मला तिथे बादलीवर बसून पहिल्यांदा कळलं. मोटारसायकलला नळ्यांची फ्रेम असते. साईडकार त्या फ्रेमला तीन-चार ठिकाणी पकडतात. चेतकसारख्या जुन्या स्कूटरला वेगळी फ्रेमच नसते. वाकवलेला, जोडलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणजे साईडकारचं वजन, आतल्या माणसाचं वजन, प्रत्येक खड्ड्याचा दणका हे सगळं शेवटी पत्र्यातल्या काही भोकांवर येतं. बोल्ट सैल झाला की तो भोकात ठोके मारायला लागतो, भोक मोठं होतं, कडेला भेग पडते. पत्रा फाटायला सुरुवात झाली की बोल्ट कितीही आवळा, काय उपयोग? आणि आपल्या वसई-विरारचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. दुचाकी खड्डा चुकवते. साईडकारची गाडी दोन वेगवेगळ्या रेषांत धावते. पुढचं-मागचं चुकवलं तर तिसरं बरोबर त्यात जातं.

भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे सरकायची थांबवली, वरून जाड पट्टी वेल्ड केली, चारही बोल्ट नवे टाकले, नायलॉनची कडी असलेले लॉकनट लावले. आठ दिवस गाडी शेडमध्ये होती. आठ दिवस आजी घरात. “मला कुठे जायचंय?” असं ती रोज म्हणायची आणि रोज गॅलरीतून शेडच्या दिशेनं बघायची.

सिमेंटची गोण आणि गवंड्याचा ओळंबा

सगळ्यात भारी भाग होता अलाइनमेंटचा. माझी अपेक्षा होती की काहीतरी मशीन असेल, लेझर वगैरे. मिस्त्रींनी काढल्या स्लायडिंग खिडकीच्या दोन सरळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. एक स्कूटरच्या दोन्ही चाकांना लावून जमिनीवर ठेवली, दुसरी साईडकारच्या चाकाला. मग दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर मागे मोजलं आणि पुढे मोजलं.

तुम्हाला वाटेल, पट्ट्या समांतर असायला हव्यात. तसं नसतं. साईडकारचं चाक पुढच्या बाजूनं किंचित आत, म्हणजे स्कूटरकडे, वळलेलं लागतं. आमच्या गाडीला साधारण दीड सेंटीमीटर. गाडीप्रमाणे हे कमीजास्त होतं. साईडकार हे एका बाजूला लटकवलेलं ओझं आहे, ते गाडीला सतत आपल्याकडे खेचत असतं. चाकाचा तो छोटा तिरपेपणा ही ओढ भरून काढतो. तो कमी झाला की गाडी डावीकडे ओढते. बोल्ट निघाल्यावर आमचं चाक नेमकं बाहेरच्या बाजूला फाकलं होतं आणि काकांना हँडलवर जाणवलं ते हेच. उलट तिरपेपणा जास्त झाला की टायर रस्त्यावर खरवडला जातो. टायरवरून हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागतं.

दुसरं माप उभं. स्कूटर सरळ उभी नसते, साईडकारपासून अगदी थोडी बाहेर, म्हणजे उजवीकडे, कललेली ठेवतात. त्यासाठी त्यांनी गवंड्याचा ओळंबा वापरला. आणि ही दोन्ही मापं रिकाम्या गाडीवर घ्यायची नाहीत, कारण माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि सगळं बदलतं. “आजीचं वजन किती?” मिस्त्रींनी विचारलं. पन्नास. शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची एक गोण आली आणि सीटवर विराजमान झाली. घरी येऊन हे सांगितल्यावर आजीनं दोन दिवस मला ‘गोणीची नात’ म्हणून हाक मारली.

हे सगळं ऐकून मी म्हटलं, मला चालवायला शिकायचंय. माझ्याकडे गिअरच्या दुचाकीचं लायसन्स आहे, दोन वर्षं स्कूटर चालवतेय, त्यामुळे कॉन्फिडन्स भरपूर. रविवारी पहाटे सहाला रिकाम्या रस्त्यावर काकांना साईडकारमध्ये बसवलं आणि पहिल्या पन्नास मीटरमध्ये घाम फुटला.

तुम्ही बाईक चालवत असाल तर तुमचं शरीर वळताना आपोआप झुकतं. साईडकार असलेली गाडी झुकतच नाही. हँडल रिक्षासारखं वळवावं लागतं, सरळ ताकद लावून. गॅस दिला की गाडी डावीकडे जाते, कारण डावीकडचं ओझं मागे राहतं. ब्रेक मारला की उजवीकडे जाते, कारण तेच ओझं आता पुढे धावायला बघतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी मोठ्यानं ओरडले, काका मोठ्यानं हसले. ब्रेकचे लायनर घासलेले असतील किंवा वायर सैल असेल तर मुळात दोन माणसांसाठी बनवलेले ब्रेक तिसरा माणूस आणि सगळी साईडकार थांबवतात कसे, याचा विचार करा. आमच्या साईडकारच्या चाकाला स्वतःचा ब्रेक नाही. म्हणून मिस्त्रींचा नियम: चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं.

आणि डावं वळण. इथे सगळे फसतात. साईडकार डावीकडे असेल तर डावीकडे वेगात वळताना वजन उजवीकडे फेकलं जातं आणि साईडकारचं चाक उचललं जातं. आत कुणी बसलेलं असेल तर निदान ते चाकाला दाबून ठेवतं. रिकामी साईडकार जास्त धोक्याची. आजोबा एकटे निघाले की सीटखाली वाळूची पिशवी टाकायचे, ते याचसाठी. (मी लहान असताना मला वाटायचं, ती मांजरीसाठी आहे.) चाक उचललं गेलं की नवखा माणूस घाबरून ब्रेक दाबतो किंवा हँडल आणखी आवळतो. खरं तर वेग वळणाच्या आधीच कमी करायचा असतो, वळणात नव्हे. आणि आत बसलेल्यानं डावीकडे रेलायचं. आयल ऑफ मॅन या बेटावर साईडकारच्या शर्यती १९२३ मध्ये सुरू झाल्या. त्यात दुसरा माणूस असतो तो खरं तर हलतं-फिरतं वजन, वळणागणिक स्वतःला इकडून तिकडे फेकणारा. आमच्या आजीकडून एवढी अपेक्षा नाही. ती फक्त पिशवी मांडीवरून डाव्या कुशीत घेते.

रीलमध्ये तुम्ही साईडकारचं चाक मुद्दाम हवेत उचलून चालवणारे बघितले असतील. बघायला मस्त वाटतं. त्या क्लिपमध्ये बोल्टांवर काय ताण येतो ते दिसत नाही आणि साईडकारमध्ये सहसा कुणाची आजीही नसते.

हेल्मेट कुणी घालायचं?

मी हा लेख लिहायला घेतल्यावर मैत्रिणीनं विचारलं, “अगं, आज साईडकार आहेच कुणाकडे?” प्रश्न बरोबर आहे. पण जुन्या बुलेटला साईडकार लावून फिरणारे क्लब आहेत, कुत्र्याला घेऊन फिरायला लावणारे आहेत. आणि त्याहून कितीतरी जास्त संख्येनं आपल्या आसपास आहेत दिव्यांगांच्या स्कूटर, मागे दोन जादा चाकं लावलेल्या. आमच्या कॉलेजमधला एक सीनियर अशा स्कूटरनं येतो. त्याला साईडकारचा किस्सा सांगितला तर तो म्हणाला, “माझ्याकडे तर अशी दोन आहेत, आणि तीही कुणाच्या सर्व्हिसिंगमध्ये बसत नाहीत.” त्याचं दुखणं वेगळं. रस्ता मधे खोलगट असेल तर बाजूची दोन चाकं कडांवर टेकतात आणि मधलं चाक लटकतं. इंजिनाची ताकद मधल्या चाकाला, मागचा ब्रेकही मधल्याच चाकाला. म्हणजे त्या क्षणी गाडी पुढेही जात नाही आणि मागचा ब्रेकही लागत नाही. त्यामुळे तो बाजूच्या चाकांचे ब्रॅकेट आणि त्यांची उंची दर महिन्याला तपासून घेतो. त्याला विचारा, ‘मेंटेनन्स’ म्हणजे काय ते.

कायद्याचंही थोडं बघून घ्या, कारण हौसेनं साईडकार लावायचा विचार तुमच्यापैकी कुणीतरी करणारच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटारसायकल’च्या व्याख्येतच सुटी करता येणारी साईडकार धरलेली आहे, म्हणजे ती मुळात बेकायदा वस्तू नाही. पण गाडीत मनासारखे बदल करायला कलम ५२ आडवं येतं. नियमाबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. तेव्हा आधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद करून घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि मगच वेल्डिंगवाल्याकडे जा. आमच्या आरसी बुकात साईडकारची नोंद आहे आणि पंधरा वर्षं उलटल्यामुळे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. इन्स्पेक्टर दर वेळी गाडीबरोबर फोटो काढून घेतात, तो वेगळा विषय.

याच कायद्यात मला एक गंमत सापडली. हेल्मेटचं जुनं कलम १२९ साईडकारमध्ये बसणाऱ्याला चक्क सूट द्यायचं. २०१९ मध्ये ते कलम नव्यानं लिहिलं गेलं आणि ती सूट गेली. आता चार वर्षांवरचा, मोटारसायकलवरून नेला जाणारा प्रत्येक माणूस हेल्मेटखाली आला. मी हे घरी वाचून दाखवलं. आजी म्हणाली, “माझा अंबाडा?”

हेल्मेटच्या दुकानात आम्ही पाऊण तास होतो. अंबाडा खाली बांधायचा, मानेजवळ, असा तोडगा निघाला. रंग तिनं निवडला, लाल.

आता आमच्याकडे रविवारची चटई पुन्हा खाली आली आहे. मी काही मेकॅनिक झालेले नाही. चौदा-पंधराचा आणि सोळा-सतराचा पाना ओळखता येतो, एवढंच. पण बऱ्याच गोष्टी पान्याशिवायच कळतात. साईडकार वरून धरून हलवायची, खटखट आवाज आला तर कुठून येतो ते शोधायचं. तिसरं चाक हातानं फिरवायचं. बेअरिंग गेलं असेल तर घरघर ऐकू येते. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर पाणी तुंबतं तेव्हा चाक निम्मं पाण्यात असतं आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. पाणी ओसरल्यावर पहिलं काम तेच. मॅट उचलून बघायची, दर महिन्याला. हवा तिन्ही चाकांत. आणि एक गोष्ट ज्यांच्या घरी जुनी बजाज किंवा व्हेस्पा आहे त्यांच्यासाठी: तिच्या रिमचे दोन अर्धे भाग नटांनी जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट चुकूनही खोलू नका. हवेच्या दाबानं रिम उडते, आणि समोर आपलं तोंड असतं.

जाता जाता एक तक्रारही नोंदवते. चेतक सकाळी सुरू होत नसली की तिला आडवी करून परत उभी करायची, ही भारतीय पद्धत साईडकारवाल्यांना उपलब्ध नाही. आम्ही किकच मारत बसतो.

नट हलला की नाही हे ओळखायची युक्ती मात्र मिस्त्रींची. नट आवळून झाला की नटावरून बोल्टवर आणि तिथून पत्र्यावर एक सरळ रेघ रंगानं ओढायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. त्यांच्याकडे पिवळा ऑइल पेंट होता, तो दुसऱ्या पावसात निघाला. मग मी माझं नेलपॉलिश आणलं, गडद गुलाबी. ते टिकलंय. चार बोल्ट, चार रेघा. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला की दहा सेकंदांत कळतं.

काल आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मला उशीर झाला होता, व्हायवा होता, घाईत किक मारली. आजी लाल हेल्मेट घालून साईडकारशेजारी उभी. बसेचना.

“आजी, चल ना.”

“रेघा बघितल्यास?”

मी स्टँड लावला आणि खाली वाकले.